पणजोबा आता कुठे आहेत?

वाचक भगिनीचे पत्र (संक्षिप्त) : मी अहिल्यानगर जिल्ह्यातील एका गावात प्राथमिक शिक्षिका आहे. माझ्या वडिलांचे घराणे चार पिढ्यांपासून ख्रिस्ती आहे, तर आईने लग्नाच्या वेळी बाप्तिस्मा घेतला होता. आई लवकर गेल्यामुळे मी बारा वर्षांची होईपर्यंत तिच्या वडिलांकडे वाढले. आजोबा शेवटपर्यंत वारकरी राहिले. निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर जाणाऱ्या दिंडीला ते दरवर्षी आमच्या पडवीत जेवू घालत. गेल्या आषाढात ते वारले. त्यानंतर दोन महिन्यांनी आमच्या मंडळीत बाहेरगावाहून आलेल्या एका उपदेशकांनी मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायातील शेवटचे वचन घेतले आणि सांगितले की, ख्रिस्ताला न स्वीकारता मेलेले सर्व जण या क्षणी अग्नीत आहेत व त्यांची सुटका कधीही होणार नाही. शब्बाथ शाळेतही मुलांना तेच शिकवण्यात आले. माझा आठ वर्षांचा मुलगा रात्री दचकून उठतो आणि विचारतो, ‘मम्मी, पणजोबांना आता भाजत असेल का?’ माझे यजमान मंडळीचे पंच आहेत. वचनावर शंका घेणे हेच पाप आहे, असे ते म्हणतात. मुलगा आजोबांचे टाळ वाजवू लागला, तेव्हा भीतीने मी ते माळ्यावर टाकले. मुलाला काय सांगू? मी अविश्वासी झाले आहे का? मंडळी सोडावी का? आणि मामांनी वर्षश्राद्धाला बोलावले आहे, तर जावे का?

प्रिय भगिनी,

सप्रेम सलाम.

तुमच्या चार प्रश्नांपैकी तीन प्रश्न काही आठवडे थांबू शकतात, पण मुलाचा प्रश्न आज रात्रीचा आहे, म्हणून आधी त्याचेच उत्तर देते. तो पुन्हा उठून विचारेल तेव्हा त्याला जवळ घ्या आणि स्पष्ट शब्दांत सांगा, ‘नाही बाळा, पणजोबांना भाजत नाही. ते देवाच्या हातात आहेत, आणि देव येशूसारखा आहे.’ त्यापुढे काही समजावू नका. आठ वर्षांच्या मुलाला धर्मशास्त्र नको असते. आईच्या आवाजात कंप आहे की नाही, तेवढेच तो ऐकत असतो. हे उत्तर मी केवळ सांत्वनासाठी रचलेले नाही. प्रत्येक रविवारी तुम्ही उभ्या राहून विश्वासांगीकार म्हणता, त्यात जिवंतांचा व मेलेल्यांचा न्याय ख्रिस्त करील असे म्हटले आहे. तो उपदेशक करील असे म्हटलेले नाही. एका विशिष्ट माणसाचे नाव घेऊन तो नरकात आहे असे सांगण्याचा अधिकार त्या गृहस्थांना कोणी दिला, हे मला तरी ठाऊक नाही. शब्बाथ शाळेच्या शिक्षिकेलाही याच आठवड्यात भेटा. त्या बहुधा तुमच्या ओळखीच्या असतील, म्हणून भांडू नका. मूल रात्री झोपत नाही, एवढीच वस्तुस्थिती त्यांच्यापुढे ठेवा. आणखी काही आठवडे हे असेच चालू राहिले, तर बालरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने एखाद्या समुपदेशकाला दाखवण्यात संकोच बाळगू नका.

आता तुमच्या स्वतःच्या प्रश्नाकडे वळते. पत्र वाचताना मला प्रथम आठवली ती एक फार जुनी हकिगत. सोळाव्या शतकातील मिशनरी संत फ्रान्सिस झेवियर जपानमधून परतल्यावर जानेवारी १५५२ मध्ये त्यांनी कोचीनहून युरोपातील आपल्या सहकाऱ्यांना पत्र लिहिले. जपानमध्ये नव्याने ख्रिस्ती झालेले लोक आपल्या मृत आईवडिलांसाठी, बायकामुलांसाठी रडत असत आणि प्रार्थनेने, दानधर्माने त्यांना नरकातून सोडवता येईल का, असे विचारत असत. त्यावर काहीही उपाय नाही, असे मी त्यांना सांगितले, असे झेवियर त्यात लिहितात. ज्या गोष्टीला इलाज नाही तिच्यासाठी आपल्या मित्रांना रडताना पाहून स्वतःलाही दुःख झाले, अशी कबुलीही ते पुढे देतात. गोव्याच्या बॉम जेझस चर्चमध्ये त्यांच्या दर्शनाला जाणाऱ्यांना या पत्राची माहिती क्वचितच असते. मला मात्र झेवियर या पत्रात सर्वाधिक जवळचे वाटतात, कारण जे सांगणे कर्तव्य आहे असे त्यांना वाटत होते, ते सांगताना त्यांचे मन त्यांना साथ देत नव्हते. साडेचारशेहून अधिक वर्षांपूर्वी त्या जपानी माणसांनी विचारलेला प्रश्न आणि तुमच्या मुलाने परवा रात्री विचारलेला प्रश्न यांत एका शब्दाचाही फरक नाही. तेव्हा तुम्ही काही अघटित विचारले आहे असे मनात आणू नका.

दुसरी हकिगत तर तुमच्याच जिल्ह्यातील आहे, आणि ती तुमच्या यजमानांनीही ऐकावी अशी माझी इच्छा आहे. अमेरिकन मराठी मिशनचे रॉबर्ट ह्यूम यांचा जन्म १८४७ मध्ये मुंबईत, मिशनरी आईबापांच्या पोटी झाला आणि त्यांचे आयुष्यभराचे काम अहमदनगरात झाले. पाळक तयार करणारे तेथील विद्यालय त्यांनीच उभे केले. १८८६ मध्ये ते रजेवर अमेरिकेत असताना ज्या धर्मशास्त्र महाविद्यालयात ते शिकले होते, तेथील माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात बोलले. ज्यांच्या कानी ख्रिस्ताचे नाव जिवंतपणी कधी पडलेच नाही, त्यांना मृत्यूनंतर तरी ते ऐकण्याची संधी देव देत असेल, या विचाराला त्यांनी सहानुभूती दाखवली. ते पूर्वजांना मुक्त करायला निघाले नव्हते. जेथे देव स्पष्ट बोललेला नाही तेथे आपण दार बंद करू नये, इतकाच त्यांचा आग्रह होता. एवढ्यावरून मिशनच्या बॉस्टन येथील चालकांनी त्यांना हिंदुस्थानात परत पाठवणे रोखून धरले. त्या वर्षीच्या सर्वसाधारण सभेत याच प्रश्नावर जोरदार वाद झाला. शेवटी १८८७ मध्ये ह्यूम यांना परतण्याची अनुमती मिळाली, आणि त्यानंतर अनेक दशके ते नगरलाच राहिले.

ह्यूम यांना हा विचार बॉस्टनमधील एखाद्या ग्रंथालयात सुचला नसावा, असे मला वाटते. नगरच्या खेड्यापाड्यांत ज्या घरांत सुवार्ता पोहोचली, तेथे कोणीतरी म्हातारे माणूस ओसरीवर बसलेले असणारच, आणि कोणा सुनेने, कोणा नातवाने विचारलेच असणार की, साहेब, मी आत येतो, पण माझ्या बापाचे काय? आपल्या मंडळ्यांचा पाया घालणाऱ्या माणसाने हा प्रश्न गिळून टाकला नाही आणि त्याची किंमत मोजली, हे तुमच्या मंडळीतील किती जणांना ठाऊक आहे, कोण जाणे.

आता त्या वचनाविषयी. उपदेशकांनी वाचलेल्या वाक्यात ‘सार्वकालिक शिक्षा’ आणि ‘सार्वकालिक जीवन’ असे दोन्ही शब्दप्रयोग आहेत, आणि ते तेथे नाहीत असे मी म्हणणार नाही. परंतु उपदेशकांनी शेवटचे वचन घेतले आणि त्यापूर्वीची पंधरा वचने सोडून दिली. तुम्ही शिक्षिका आहात, म्हणून तो उतारा एकतिसाव्या वचनापासून एखाद्या परीक्षकाच्या नजरेने वाचा. न्यायासनासमोर सर्व राष्ट्रे उभी आहेत. कोणाचा बाप्तिस्मा झाला होता, कोण कोणत्या मंडळीचे सभासद होते, असे तेथे विचारलेच जात नाही. मी भुकेला होतो तेव्हा मला खायला दिले का, तान्हेला होतो तेव्हा पाणी दिले का, परका होतो तेव्हा घरात घेतले का, एवढेच विचारले जाते. आणि ज्यांना उजवीकडे बसवले जाते ते आश्चर्याने विचारतात की, प्रभू, आम्ही तुला केव्हा पाहिले? अनवाणी, धुळीने माखलेल्या परक्या माणसांना वर्षानुवर्षे आपल्या पडवीत वाढणाऱ्या म्हाताऱ्याला डावीकडे ढकलण्यासाठी हाच उतारा निवडला जावा, याचे मला मोठे नवल वाटले. खरे सांगायचे तर रागही आला, आणि पत्राचा हा भाग लिहिण्यापूर्वी मी एक दिवस मुद्दाम जाऊ दिला.

शब्दांचीही थोडी चिकित्सा करू, कारण तुमची निम्मी भीती शब्दांनी निर्माण केलेली आहे. मराठी बायबलात ‘अधोलोक’ आणि ‘नरक’ असे दोन वेगळे शब्द येतात, पण उपदेश ऐकताना ते एकमेकांत मिसळून जातात. अधोलोक म्हणजे इब्री भाषेतील ‘शिओल’, अर्थात मृतांचे ठिकाण. जुन्या करारात तेथे सज्जनही जातात आणि दुर्जनही. येशूच्या तोंडी ज्या ठिकाणी ‘नरक’ शब्द येतो, तेथे मुळात बहुतेक वेळा ‘गेहेन्ना’ आहे, आणि गेहेन्ना हे यरुशलेमेच्या दक्षिणेकडील एका खऱ्या खोऱ्याचे, हिन्नोमच्या खोऱ्याचे नाव आहे. यहूदाच्या काही राजांच्या काळात लोक तेथे आपल्या मुलाबाळांना अग्नीत अर्पण करीत असत. त्याविषयी यिर्मयाच्या सातव्या अध्यायात देव जे म्हणतो, ते तुम्ही स्वतः उघडून वाचा : हे मी कधी सांगितले नव्हते, असे काही माझ्या मनातसुद्धा आले नव्हते. नरकाच्या आगीचे चित्र ज्या जागेवरून घेतले गेले, त्याच जागेविषयी लेकरांना जाळणे आपल्या मनातही आले नाही असे देव सांगतो, हे वाचल्यावर मी पुस्तक मिटून बराच वेळ स्वस्थ बसले होते. तसेच ‘त्यांचा किडा मरत नाही व अग्नी विझत नाही’ हे मार्कच्या नवव्या अध्यायातील शब्द यशयाच्या अगदी शेवटच्या वचनातून आले आहेत, आणि तेथे वर्णन आहे ते प्रेतांचे. सतत वेदना सोसणाऱ्या जिवंत माणसांचे नव्हे.

येथे आपल्या भाषेने एक गंमत केली आहे, ती सांगितल्यावाचून राहवत नाही. भाषांतरकारांना हाताशी असलेला ‘नरक’ शब्द पुराणांतला होता. भागवताच्या पाचव्या स्कंधात अठ्ठावीस नरकांची वर्णने आहेत आणि ती अंगावर काटा आणणारी आहेत, परंतु त्या सर्व नरकांना मुदत आहे. कर्म फिटले की जीव बाहेर पडतो. आजोबांना ‘नरक’ म्हटल्यावर जे कळत असे, त्यात परतीची वाट होती. शब्द तोच ठेवून ती वाट बुजवली गेली, तेव्हा मराठी कानाला बसलेला धक्का किती मोठा असेल, याचा विचार फारसा कोणी केलेला दिसत नाही.

‘सार्वकालिक’ या शब्दाबद्दल मात्र मी तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही. मूळ ग्रीक शब्द ‘युग’ या अर्थाच्या शब्दापासून आला आहे, म्हणून काही अभ्यासक ‘येणाऱ्या युगातील’ असा त्याचा अर्थ करतात. उलट, एकाच वाक्यात जीवन अनंत आणि शिक्षा मात्र तात्पुरती असे कसे म्हणता येईल, हा संत ऑगस्टीन यांचा सवाल होता आणि तो सहज झटकून टाकण्यासारखा नाही. प्रकटीकरणाच्या विसाव्या अध्यायात ‘युगानुयुग’ पीडेची भाषा आहे, तीही आहेच. अंतहीन यातनेची शिकवण दुष्ट लोकांनी बनवलेली आहे, असे मी म्हणत नाही. चर्चमधील बहुसंख्यांनी शतकानुशतके ती मानली आणि त्यांत माझी अत्यंत प्रेमळ आजीही होती.

परंतु ही एकच शिकवण विश्वासू लोकांची होती, हे तुमच्या यजमानांचे गृहीत बरोबर नाही. स्वतः ऑगस्टीन पाचव्या शतकात नमूद करतात की, ही शिक्षा अनंत असेल असे न मानणारे लोक पुष्कळ आहेत आणि ते शास्त्राचा विरोध करण्यासाठी तसे म्हणत नाहीत. चौथ्या शतकातील निस्साचे ग्रेगरी, ज्यांना पूर्वेकडील आणि पश्चिमेकडील दोन्ही चर्च संत मानतात, शेवटी सर्व सृष्टी देवाकडे परत येईल आणि अग्नी हा सोने शुद्ध करणारा आहे, असे शिकवीत. तसाच विचार त्यांच्याही आधी मांडणारे ख्रिस्ती विचारवंत ऑरिजेन यांच्या नावाने पुढे सहाव्या शतकात निषेध झाला. ग्रेगरी यांच्या संतपदाला मात्र कोणी हात लावला नाही. तिसरा पक्ष म्हणतो की, जे देवाला अखेरपर्यंत नाकारतात ते छळले जात नाहीत, तर संपतात. मत्तयाच्या दहाव्या अध्यायात ‘आत्मा व शरीर या दोहोंचा नाश’ असे शब्द आहेत, ते या पक्षाचा आधार आहेत. इंग्लंडमधील जॉन स्टॉट यांच्यासारख्या, शास्त्राचा शब्द प्रमाण मानणाऱ्या आणि आपल्याकडील मंडळ्यांतही आदराने वाचल्या जाणाऱ्या धर्मोपदेशकाने १९८८ मध्ये आपला कल या मताकडे असल्याचे जाहीर केले. रोमन कॅथलिक चर्च नरकाची शिकवण कायम ठेवते, तरीही ज्यांना स्वतःच्या दोषाविना सुवार्ता कळली नाही, पण जे विवेकाला धरून देवाचा शोध घेतात, त्यांचेही तारण होऊ शकते, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये स्पष्ट लिहून ठेवले. ही नावे यजमानांना वादात हरवण्यासाठी वापरू नका. तुम्ही एकट्या रानात भटकत नसून एका जुन्या, वर्दळीच्या रस्त्यावर उभ्या आहात, हे तुम्हाला कळावे म्हणून मी ती दिली आहेत.

माझे स्वतःचे मत विचाराल तर ते असे आहे. न्याय असावा, असे मला मनापासून वाटते. आपल्या अनेक मंडळ्या ज्या वस्त्यांतून उभ्या राहिल्या, त्या वस्त्यांतील माणसांना विहिरीवर पाणी भरू दिले जात नव्हते. त्यांच्यावर अत्याचार करून सुखाने मेलेल्यांचा हिशेब कोठेच होणार नसेल, तर ‘देव प्रेम आहे’ हे वाक्य त्या लोकांपुढे कोणत्या तोंडाने म्हणावे? म्हणून न्यायाचा दिवस मी शास्त्रातून पुसू इच्छित नाही. परंतु सत्तर-ऐंशी वर्षांच्या आयुष्यातील चुकांसाठी, तेही ज्याला खरी निवड करण्याची संधीच मिळाली नाही अशा माणसाला, ज्याचा शेवट नाही आणि ज्यातून काही सुधारणाही होणार नाही असा छळ देणे, याला मी माझ्या भाषेत न्याय म्हणू शकत नाही. शाळेत एखाद्या शिक्षकाने असे केले तर तुम्ही त्याच दिवशी मुख्याध्यापकांकडे जाल. देवाचे विचार आपल्याहून उंच आहेत, हे मला मान्य आहे. पण उंच असणे म्हणजे तुमच्यातील दयेहून कमी दया असणे, असे मी तरी कुठे वाचलेले नाही. तुमच्या मनात आजोबांसाठी जी तळमळ आहे ती तुमच्यात कोणी घातली, असा प्रश्न यजमानांना शांतपणे विचारून पाहा. वादासाठी नव्हे, एखाद्या संध्याकाळी चहा पिताना. माझा अंदाज असा आहे की, ते तुम्हाला दटावतात त्यामागे त्यांचीही भीती आहे, कारण पंच म्हणून जे आपण उचलून धरले त्यातील एक वीट काढली तर भिंत पडेल, असे अनेक सालस माणसांना वाटत असते.

मंडळी सोडण्याचा निर्णय आत्ता घेऊ नका. तो उपदेश तुमच्या पाळकांचा नव्हता, हे तुम्हीच लिहिले आहे. पाळकांना एकट्याने भेटा, मुलाची अवस्था सांगा आणि आजोबांविषयी त्यांचे स्वतःचे उत्तर काय आहे ते विचारा. बहुतेक पाळकांनी हा प्रश्न अंत्यविधीच्या वेळी अनेकदा झेललेला असतो आणि व्यासपीठावरून ते जेवढे बोलतात त्याहून खासगीत पुष्कळ अधिक सौम्य बोलतात. त्यांनीही तुमच्या मुलाला त्या आगीतच ठेवले, तर मात्र शब्बाथ शाळेतून त्याला काही काळ काढून घ्या आणि रविवारी घरी तुम्हीच त्याला हरवलेल्या मेंढराची आणि उधळ्या पुत्राची गोष्ट सांगा. प्रभुभोजन चुकवू नका. हात थरथरत असले तरी चालेल. ज्या शिष्यांनी ते पहिल्यांदा घेतले, त्यांपैकी कोणाचे हात त्या रात्री स्थिर होते? तुम्ही अविश्वासी झाला आहात का, याचे उत्तरही यातच आले. जिला देवाशी काही देणेघेणे उरलेले नाही, ती त्याच्या न्यायीपणाची चिंता करीत रात्र जागून काढत नाही.

मामांकडे अवश्य जा आणि मुलाला बरोबर न्या. विधी तुम्ही करू नका, कारण तो तुमच्या श्रद्धेचा भाग नाही आणि मामाही त्याची अपेक्षा करणार नाहीत. पंगतीत बसा, वाढू लागा, आजोबांच्या गोष्टी काढा. पणजोबा गावात कसे हसत, कोणाला काय देत, हे मुलाने दहा तोंडांतून ऐकले पाहिजे, म्हणजे त्यांची आठवण आगीपासून सुटेल.

राहिले टाळ. नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पुढे नगरमध्येच काम केले. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत, आणि ख्रिस्ती उपासनेत अभंग व कीर्तन रुजवण्यात त्यांचा वाटा फार मोठा आहे. तुमच्या मंडळीत त्यांची गीते गायली जात असतीलच. ज्या पुलावरून ते आले, त्याच पुलावर तुमचे आजोबा हे टाळ घेऊन आयुष्यभर चालत होते. ते माळ्यावरून खाली काढा आणि मुलाच्या हातात द्या. इतके महिने पडून दोरी कुजली असेल, तर मामांकडे जाल तेव्हा ती बदलून आणा. नवी दोरी कशी ओवायची आणि गाठ कुठे मारायची, हे त्यांना नक्की येत असेल.

तुमची,
ताई